लहानूच्या नावाचा पुकारा

वैनगंगेच्या काठावरच्या सावळटोल्यात बैलांच्या शर्यतींचा शंकरपट भरायचा, तेव्हा बैल कोणाचे, मान कोणाचा, मंडपात खुर्ची कोणाला यावर दरवर्षी भांडणं होत. माईक कोणाच्या हातात यावर मात्र कधी झालं नाही. माईक गुणवंतराव रामटेके गुरुजींचा. नारळ फोडायला, बैलांना कुंकू लावायला गुरुजी पुढे होत नसत. छप्पन साली नागपूरला जाऊन आल्यापासून ते काम त्यांच्या घरी बंद होतं. कमिटीची त्याला हरकत नव्हती. नारळ फोडणारे गावात शंभर होते. पाच हजार माणसांना उन्हात बसवून हसवणारा एकच होता.

धानाची मळणी उरकली, की बांध्यांचे, म्हणजे भातखाचरांचे, धुरे मोडून दोन सरळ पट्ट्या सपाट करायच्या. दोन पट्ट्यांवरून दोन जोड्या एकदम सोडायच्या. बैलांमागे छकडी म्हणजे नावाला दोन चाकं आणि एक दांडी, आणि तिच्यावर धुरकरी, म्हणजे हाकणारा, नावालाच बसलेला. एका धावेला पंधरा-सोळा सेकंद लागत. तिच्या गोष्टी पुढच्या पटापर्यंत पुरत.

या पटाचे दोन कायदे होते. ते कुठेच लिहिलेले नव्हते, त्यामुळे ते मोडायची कोणाची छाती नव्हती. पहिला: माईकवरून मालकाचं, बैलांचं आणि धुरकऱ्याचं नाव पुकारल्याशिवाय झेंडी पडायची नाही. दुसरा: धुरकरी पडला, तर पुढच्या जोडीचा पुकारा होण्याआधी त्यानं आपल्या पायांनी उठून बैलांच्या कपाळाला हात लावायचा. हात लागला, की धाव पुरी. जोडी बाद होत नसे, फक्त त्या दिवशी पुन्हा जुंपत नसत. आणि धुरकऱ्याला शेला आणि नारळ मिळे. नाही लागला, तर जोडी बाद, आणि धुरकऱ्याला वर्षभर चहाच्या टपरीवर तोंड दाखवायची सोय नाही.

धुरकऱ्यांमध्ये पहिलं नाव लहानू दोनाडकरचं. अंगानं काडी, पण बैल त्याचं ऐकत. चौथीपर्यंत तो गुरुजींच्या हाताखाली शिकला होता, आणि गुरुजींचं म्हणणं असं, की शाळेत त्याला बसवता आलं नाही, म्हणून तो छकडीवर बसला. गुरुजींचा त्याच्यावर जीव होता. म्हणून लहानू पडला, की गुरुजी पुढचा पुकारा लांबवत. कायद्यात पुकारा कधी करायचा हे कुठे होतं? माईकवर एखादी गंमत सुरू करायची. लोक हसतात, कमिटीही हसते, आणि तेवढ्यात तिकडे चार माणसं लहानूच्या तोंडावर पाणी मारतात, नाकाला कांदा लावतात. लहानू डोळे उघडतो, उठतो, झुलत झुलत बैलांपर्यंत जातो. हात लागला, की गुरुजी गंमत तिथंच सोडून ओरडत, “पडला तो लहानू, उठला तो धुरकरी!” ही ओळ त्यांचीच. पुढे तालुक्यात ती म्हणीसारखी झाली.

रक्त निघालं नाही, म्हणजे काही झालं नाही, असा सगळ्यांचाच हिशोब होता. लहानूचं रक्त कधी निघालं नाही.

शहाऐंशीच्या पटानंतर लहानू बिघडला. बिघडला हा गावाचा शब्द. आधी डोकं दुखायचं. उन्हात डोळे उघडवेनात. मग विसरायला लागला. पेरणीच्या दिवसांत स्वतःच्या बांधीकडे निघालेला माणूस दुपारी नदीच्या घाटावर सापडला. तिथं का आलो, हे त्यानं नावाड्यालाच विचारलं. मग राग. आयुष्यात बैलावरसुद्धा हात न उचललेल्या माणसानं भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिंतीवर फेकलं, आणि नंतर त्याच भिंतीशी बसून तासभर रडला. गावानं सवयीप्रमाणे कारणं शोधली. पहिलं, दारू. पण लहानू पीत नव्हता. त्यामुळे तो चोरून पितो असं ठरलं. दुसरं, करणी. तिसरं, बायको. बायनाबाईची जीभ तिखट होती, आणि गावात कशाचंही कारण कमी पडलं तर शेवटी तिथं येऊन थांबता येई.

गुरुजींनीही एक गंमत केली होती. पोळ्याला लहानू त्यांच्याकडे एकच निरोप तीनदा घेऊन आला, तेव्हा ते ओसरीवरच्या लोकांना म्हणाले, “लहानूच्या डोक्यात पोस्ट ऑफिस उघडलंय, एक पत्र तीनदा वाटतं.” सगळे हसले. सगळे हसले, म्हणून लहानूही हसला. मग त्यानं विचारलं, “काय झालं जी?”

ते विचारणं गुरुजींच्या कानात राहून गेलं.

डिसेंबरात एक दिवस सकाळीच बायनाबाई गुरुजींच्या दारात उभी राहिली. आत ये म्हटलं तर येईना. ब्रह्मपुरीला एक नवा डॉक्टर बसला होता, डोक्याचं शिकून आलेला. तिनं लहानूला त्याच्याकडे नेलं होतं. डॉक्टरनं विचारलं, किती वेळा पडले, कसे पडले, किती वेळ शुद्ध नव्हती. तिला काय ठाऊक? बाया पटाच्या पट्टीकडे जात नसत. लहानूला विचारावं, तर जो शुद्धीवर नव्हता त्यालाच ते विचारण्यासारखं झालं. डॉक्टर म्हणाला, ज्यानं पाहिलं असेल त्याला आणा.

“आमचे पडले तवा तुमीच त बोलून राहत होते ना जी,” ती म्हणाली. “तुमाले माईत असंन.”

दुसऱ्या दिवशी तिघं बसनं गेली. लहानू खुशीत होता. बसमधल्या अनोळखी माणसालाही तो सांगत होता, की आवंदा आपल्या मालकांनी, वामनरावांनी, नवी जोडी घेतली, अन् हाकणार आपणच.

डॉक्टर पोरसवदा होता. गुरुजींच्या जुन्या विद्यार्थ्यांत सहज खपला असता. त्यानं लहानूला बाहेर बाकावर बसवलं आणि वही उघडली. गुरुजी आठवून सांगू लागले. पहिल्यांदा शहात्तर साली.

“किती वेळ बेशुद्ध होते?”

“थोडा वेळ.”

“थोडा म्हणजे?”

गुरुजींकडे घड्याळ होतं, पण पटात ते मास्तर नसत, त्यामुळे त्याच्याकडे बघत नसत. मग म्हणाले, वेळ ठाऊक नाही, पण तेव्हा काय बोललो ते ठाऊक आहे. आणीबाणी होती. मी म्हटलं होतं, लहानू पडला असं कोणी बोलायचं नाही; लहानूनं जमिनीची पाहणी केली असं म्हणायचं. एवढं होईस्तोवर तो उठला.

डॉक्टरनं पेन थांबवलं. गुरुजींना वाटलं, आता हा हसेल. तो हसला नाही. म्हणाला, “अर्धं मिनिट. पुढे?”

ऐंशी साली. लोकसभेची निवडणूक नुकतीच झाली होती. त्या वेळी डिपॉझिटची गंमत. ती थोडी लांब, दीड मिनिटाची. चौऱ्याऐंशीत दोनदा: एकदा गावात, आणि आठच दिवसांनी शेजारच्या गावच्या पटात. तिथंही माईक गुरुजींकडेच होता.

“आठ दिवसांत दुसऱ्यांदा?” डॉक्टरनं मान वर केली. “मधे काही त्रास होता?”

बायनाबाई पहिल्यांदा बोलली. “ओकत होते. मले वाटलं, पटातलं मटन बाधलं.”

“आणि दुसऱ्यांदा पडले तेव्हा?”

तेव्हा जीपची गंमत. बीडीओसाहेबाची जीप सावळटोल्याच्या चिखलात फसते, दोन बैल जुंपून ती गावापर्यंत ओढून आणतात, आणि साहेब अहवालात लिहितो की जीपनं दोन बैल सुखरूप गावात आणले. ती गुरुजींची सगळ्यात गाजलेली. पण तिला लागतो किती वेळ?

“सांगा,” डॉक्टर म्हणाला.

“काय?”

“तिथं सांगितली तशीच सांगा. पूर्ण.” त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

गुरुजींनी सुरुवात केली. लहानू पडून दिसेनासा झाल्याबरोबर केली होती, तशी. चपराशाचं टोपी सांभाळणं, साहेबाचा एक बूट चिखलात राहणं, बैलांनी मागे वळून जीपकडे बघणं. कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, सगळं जिथल्या तिथं होतं. लोकांच्या हसण्यासाठी सोडलेल्या जागासुद्धा त्यांनी सोडल्या. त्या जागांत घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. बायनाबाई पदर तोंडाशी धरून भिंतीकडे बघत होती. गुरुजींना उमगलं की आपण ही गंमत लांबवत नेली होती, मधे नवा चपराशी घातला होता, चहा घातला होता. कारण तिकडे लहानू उठत नव्हता. तो जेवढा वेळ पडून राहिला, तेवढी गंमत वाढत गेली. लोक म्हणाले होते, गुरुजी आज रंगात आहेत.

संपली तेव्हा डॉक्टर म्हणाला, “साडेचार मिनिटं.”

“हसण्याची धरून,” गुरुजी म्हणाले. सवय.

“आणि उठल्यावर काय केलं त्यांना?” डॉक्टरनं विचारलं.

“शेला दिला.”

शहाऐंशीला गुरुजींजवळच्या गमती पुरल्या नाहीत. जीपची पुन्हा सांगितली. नंतर नुसती बैलांची नावं वाचली.

डॉक्टर बराच वेळ लिहीत राहिला. मग बायनाबाईनं विचारलं, की वामनरावांनी शहाऐंशीच्या पडण्यानंतर डोक्याचा फोटो, म्हणजे एक्स-रे, काढवला होता, त्यात तर सगळं साफ निघालं. डॉक्टरनं समजावून सांगितलं. तो फोटो कवटीचा. कवटी साफच आहे. जुना नारळ असतो, करवंटीला तडा नाही, पण कानाशी हलवला तर आत गोटा सुटलेला वाजतो, तसं. पडताना डोकं थांबतं, आतला मेंदू थांबत नाही. एकदा झालं तर विश्रांतीनं बरंच भरून येतं. हे पाचदा झालंय, आणि एकदाही विश्रांती दिलेली नाही, उलट लगेच उठवून चालवलंय. राग, विसरणं, रडणं, हे सगळं त्यातलंच असणार. स्वभाव नाही, दारू नाही. डोकेदुखीला गोळ्या देतो. झोप, शांतता, ठरलेली कामं, यानं थोडं सावरेल. गेलेलं सगळं परत येईल असं मी म्हणणार नाही.

“आणि पुन्हा पडला तर?” गुरुजींनी विचारलं.

“तेव्हा तुमची कितीही लांब गंमत पुरायची नाही,” डॉक्टर म्हणाला.

वामनराव गावचे मोठे शेतकरी, पट कमिटीचे अध्यक्ष आणि माणूस वाईट नाही. लहानूच्या डोक्याचा फोटो त्यांच्याच ओसरीवर खिडकीला लावलेला होता. आलागेला उजेडात बघून मान डोलवी. गुरुजींनी त्यांना सगळं सांगितलं. वामनरावांनी ऐकून घेतलं आणि फोटोकडे बोट केलं. फोटो साफ आहे, गुरुजी. फोटोला चाळीस रुपये पडलेत, तो काय खोटं बोलतो? आणि लहानूच्या तोंडचा घास मी कसा काढू? तो रोज येऊन बैलांना खरारा करतो. त्याला विचारा.

गुरुजींनी त्यालाही विचारलं. लहानू नव्या जोडीपाशीच होता. बैलाच्या मानेवर हात ठेवून तो शांत उभा होता.

“गुर्जी, घरी मले काईच उमजत नाई,” लहानू म्हणाला. “कुठी काय ठेवलं, कोन काय बोल्लं. पन छकडीवर चढलो का सप्पा आठवते. दोरी कुठी ढिली करायची, कुठी ओढायची, सप्पा. तितीच मी मी राहतो जी.”

हे ऐकून गुरुजी घरी आले आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. गावाला वाटलं, पटासाठी नव्या गमती रचत असतील.

पटाच्या आदल्या संध्याकाळी बायनाबाई पुन्हा आली. या वेळी ओसरीवर बसली. तिनं दोर लपवून पाहिले होते, ओरडून पाहिलं होतं, पाया पडून पाहिलं होतं. लहानूनं कबूल केलं होतं, दोनदा. आणि दोन्ही वेळा विसरला होता.

“तुमी त्याईचं नाव नोका घेऊ,” ती म्हणाली.

गुरुजी म्हणाले, ते माईक काढून घेतील.

“घेऊ द्या. तितला वेळ त जाईन ना. तुमाले वेळ काढाची सवय हाये.”

हे तिनं टोचून म्हटलं की सरळ, हे गुरुजींना शेवटपर्यंत कळलं नाही. दोन्ही धरून चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पट रंगला. बांध्यांच्या धुऱ्यांवर, बैलगाड्यांवर, मोहाच्या फांद्यांवर माणसंच माणसं. अठरा जोड्या धावल्या. एकोणिसावी वामनरावांची, शेजारच्या पट्टीवर विसावी. लहानू छकडीवर बसला. त्याची पाठ ताठ झाली, नजर ठरली. वर्षभर गावानं न पाहिलेला लहानू तिथं बसला होता. झेंडीवाल्यानं झेंडी उचलली आणि मंडपाकडे पाहिलं.

गुरुजींनी वामनरावांचं नाव घेतलं. बैलांची नावं घेतली. आणि थांबले.

लोक वाट बघू लागले. मग कुणीतरी खुदकन हसलं. गुरुजी थांबले, म्हणजे काहीतरी येणार. हसू धुऱ्याधुऱ्यानं पसरत गेलं.

“मी या जोडीच्या धुरकऱ्याचं नाव पुकारणार नाही,” गुरुजी म्हणाले.

हशा झाला. शिट्ट्या आल्या.

“मी गंमत करत नाही.”

त्यावर सगळ्यात मोठा हशा झाला. तीस वर्षं ज्या माणसानं गंमत करत नाही असं सांगूनच प्रत्येक गंमत केली, त्याच्यावर विश्वास कोणी ठेवावा? हसवण्याखेरीज त्या माईकवरून दुसरं काय करतात, ते त्यांना येत नव्हतं. म्हणून जे येत होतं तेच त्यांनी केलं.

“शहात्तर साल,” ते म्हणाले. “लहानू पडला. मी म्हणालो, लहानूनं जमिनीची पाहणी केली. तुम्ही हसलात. तो अर्धं मिनिट मेल्यासारखा पडून होता.”

लोक थोडे हसले, सवयीनं.

“ऐंशी साल. मी म्हणालो, लहानू पडला, पण डिपॉझिट वाचलं. दीड मिनिट. चौऱ्याऐंशी, याच पट्टीवर. मी म्हणालो, ग्रामसेवक गावात दिसत नाही, लहानू निदान जमिनीवर तरी दिसतो. दोन मिनिटं. त्यानंतर आठ दिवस तो ओकत होता, आणि आपण त्याला पुन्हा बसवलं. तेव्हाची गंमत जीपची. ती तुम्हाला पाठ आहे, मी सांगत नाही. ती साडेचार मिनिटांची आहे. डॉक्टरनं घड्याळ लावून मोजली. मी पुकारा लांबवला तो लहानूला उठता यावं म्हणून. त्याला उठवायचं नव्हतं. निजू द्यायचं होतं. हे मला ठाऊक नव्हतं. आता आहे.”

मोहाच्या फांदीवरचं एक पोर हसलं, आणि आपण एकटेच हसलो हे कळून गप्प झालं. भोंग्याची नुसती घरघर राहिली.

वामनराव खुर्चीवरून उठून मंडपाकडे आले. गुरुजींनी माईक दोन्ही हातांनी धरून ठेवला. दोन म्हातारी माणसं एका माईकच्या दांडीला धरून उभी आहेत, असं दृश्य त्या पटात आधी कधी झालं नव्हतं. एरवी गुरुजींनी त्यावर चांगली दहा मिनिटं काढली असती. दांडी शेवटी वामनरावांच्या हातात गेली. त्यांनी तोंडाजवळ माईक नेला आणि लहानूचं नाव घ्यायला श्वास घेतला.

तेवढ्यात पट्टीच्या कडेची माणसं बाजूला झाली. बायनाबाई पट्टीवरून चालत येत होती. हिरवं लुगडं, अनवाणी पाय. पट्टीवर बाई आली की काय करायचं, हे दोन्ही कायद्यांत नव्हतं, म्हणून कोणी काही केलं नाही. ती बैलांपुढे येऊन उभी राहिली. बैल फुरफुरले. तिनं एक हात एकाच्या कपाळावर ठेवला, दुसरा दुसऱ्याच्या.

कोणाच्या लक्षात यायच्या आधी ते गुरुजींच्या लक्षात आलं. माईक वामनरावांच्या हातात होता, पण गुरुजींनी तोंड मात्र पुढे केलं.

“जोडीच्या कपाळाला हात लागला,” ते म्हणाले. “धाव पुरी झाली. जोडी बाद नाही. आज पुन्हा जुंपायची नाही.”

कमिटी मोहाखाली बसली. हात धुरकऱ्याचाच लागला पाहिजे, असं एकाचं म्हणणं. हात म्हणजे हात, असं दुसऱ्याचं. कायदा लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो बघताही येईना. शेवटी वामनराव म्हणाले, पुढची जोडी घ्या. कमिटीतल्या सोमाजी नावाच्या म्हाताऱ्या धुरकऱ्यानं नियमाप्रमाणे शेला आणि नारळ आणला, आणि कोणाला द्यावा हे न सुचून छकडीच्या दांडीवर ठेवला.

लहानू उतरला नाही. बैल सोडून नेले, तरी तो रिकाम्या छकडीवर दोरी धरल्यासारखे हात करून बसून होता. बायनाबाई त्याच्या शेजारी उभी होती. गुरुजींकडे त्यानं एकदा पाहिलं. ते पाहणं गुरुजींना कुठल्याही गमतीत बसवता आलं नाही.

पुढच्या वर्षी माईक दुसऱ्याकडे गेला. दुसरा कायदा बदलला असं कोणी म्हणणार नाही. फक्त पडलेल्या धुरकऱ्याला आता सोमाजी सावलीत निजवतो आणि कोणाला उठवू देत नाही. शेला निजलेल्याच्या अंगावर घालतात. लहानूचं डोकं पूर्वीपेक्षा कमी दुखतं. ताटं फेकणं थांबलं नाही, पण विरळ झालं. बायनाबाईनं पितळी ताटं काढली आहेत, ती फुटत नाहीत. सकाळी तो वामनरावांच्या बैलांना खरारा करतो. फोटो खिडकीतून काढलेला आहे.

आणि आठ-पंधरा दिवसांनी कधीतरी तो गुरुजींच्या ओसरीवर येऊन बसतो. पाणी पितो. मग विचारतो, “गुर्जी, आवंदा माहं नाव काऊन नाई घेतलं जी?”

पहिल्या वेळी गुरुजींनी टाळलं. दुसऱ्या वेळी चिडले. आता ते पहिल्यापासून सांगतात. शहात्तर साल, ऐंशी साल, चौऱ्याऐंशी. लहानू दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकावी तसा मान हलवत ऐकतो. मधेच म्हणतो, बिचारा. मग जीपची गंमत येते. गुरुजी ती पूर्ण सांगतात, चपराशासकट, बुटासकट. बैल मागे वळून जीपकडे बघतात तिथं लहानूला हसू आवरत नाही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तो हसतो, मांडीवर थाप मारतो, आणि म्हणतो, ही मले कोनी सांगतलीच नाई जी.

ते खरंच आहे. सगळ्या तालुक्याला ती पाठ होती. ज्याच्यासाठी ती सांगितली, तो एकटाच तेव्हा ऐकत नव्हता.